एम.डी.-पीएच.डी. प्रवेशप्रक्रिया (अमेरिका)

एम.डी.-पीएच.डी. हा अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत चालवला जाणारा संयुक्त पदवी अभ्यासक्रम आहे. या अभ्यासक्रमात एकाच विद्यार्थ्याला वैद्यकाची एम.डी. आणि संशोधनाची पीएच.डी. या दोन्ही पदव्या सलग शिक्षणक्रमातून मिळतात. तो पूर्ण होण्यास साधारणतः सात ते आठ वर्षे लागतात. रुग्णांवर उपचार करणारे आणि त्याच वेळी रोगांच्या कारणांवर प्रयोगशाळेत काम करणारे डॉक्टर घडवणे हा त्याचा उद्देश आहे. अशा व्यक्तींना चिकित्सक-संशोधक असे म्हटले जाते. केवळ एम.डी.साठी होणारी प्रवेशप्रक्रिया आणि या अभ्यासक्रमाची प्रवेशप्रक्रिया एकाच अर्जातून सुरू होत असली, तरी निवडीचे निकष बरेच वेगळे आहेत.

भारतीय वाचकांच्या दृष्टीने येथे एक खुलासा आवश्यक आहे. भारतात एम.डी. ही एम.बी.बी.एस.नंतरची पदव्युत्तर पदवी आहे. अमेरिकेत मात्र एम.डी. ही वैद्यकाची पहिलीच पदवी असून ती चार वर्षांच्या कोणत्याही पदवीनंतर घेतली जाते. त्यामुळे अमेरिकेतील एम.डी.-पीएच.डी.चा अर्जदार हा डॉक्टर नसतो. तो जीवशास्त्र, रसायनशास्त्र, अभियांत्रिकी किंवा क्वचित मानव्यविद्येचा बावीस-तेवीस वर्षांचा पदवीधर असतो. विशेषज्ञतेचे प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, या दोन्ही पदव्या मिळाल्यानंतर सुरू होते.

पार्श्वभूमी

क्लीव्हलँड येथील वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने १९५६ मध्ये असा संयुक्त अभ्यासक्रम सुरू केला. हे विद्यापीठ आज केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळालेले फेरिड मुराद आणि १९९४ चे मानकरी आल्फ्रेड गिलमन हे दोघेही याच अभ्यासक्रमातून बाहेर पडले. १९६४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ (एन.आय.एच.) या शासकीय संस्थेने मेडिकल सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्रॅम या नावाने अनुदान योजना आखली. तिचे पहिले लाभार्थी अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालय, न्यूयॉर्क विद्यापीठ आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ हे होते. आज शंभराहून अधिक वैद्यकीय महाविद्यालयांत एम.डी.-पीएच.डी. अभ्यासक्रम आहेत आणि त्यांपैकी पन्नासहून अधिक अभ्यासक्रमांना हे अनुदान मिळते. २०१९ चे नोबेल विजेते ग्रेग सेमेन्झा (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ) आणि एमआरएनए लशींच्या संशोधनासाठी २०२३ चे नोबेल मिळालेले ड्र्यू वाइसमन (बोस्टन विद्यापीठ) हे याच शिक्षणक्रमाचे पदवीधर आहेत.

या अभ्यासक्रमांवर शासन खर्च का करते, याचे उत्तर १९७९ मधील एका लेखात सापडते. पुढे एन.आय.एच.चे संचालक झालेले जेम्स वाइनगार्डन यांनी त्या वर्षी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात संशोधन करणारा डॉक्टर ही नामशेष होऊ घातलेली जात आहे, असा इशारा दिला होता. परिस्थिती त्यानंतरही फारशी पालटलेली नाही. एन.आय.एच.च्या २०१४ मधील अहवालानुसार अमेरिकेतील डॉक्टरांपैकी जेमतेम दीड टक्का, म्हणजे सुमारे १४ हजार डॉक्टर, संशोधनाला आपले प्रमुख काम मानत होते. प्रवेश समित्यांच्या प्रश्नांमागे हीच चिंता असते. एका जागेवर सात-आठ वर्षांचा खर्च करायचा आणि पदवीनंतर ती व्यक्ती संशोधन सोडून केवळ दवाखाना चालवू लागली, तर योजनेचा मूळ हेतूच फसतो.

शिक्षणक्रमाची रचना

प्रचलित रचनेत पहिली दोन वर्षे वैद्यकाच्या मूलभूत विषयांची असतात. त्यानंतर विद्यार्थी महाविद्यालयातील आपल्या तुकडीपासून वेगळा होऊन तीन ते पाच वर्षे पीएच.डी.चे काम करतो आणि प्रबंध सादर झाल्यावर रुग्णालयातील शेवटच्या दोन वर्षांसाठी परत येतो. पीएच.डी.चा मार्गदर्शक निवडण्यासाठी सुरुवातीच्या उन्हाळ्यांत दोन-तीन प्रयोगशाळांत काही आठवडे काम करून पाहावे लागते. वैद्यकीय परवाना परीक्षेचा पहिला टप्पा बहुतेक ठिकाणी पीएच.डी.पूर्वी दिला जातो. या टप्प्याचा निकाल जानेवारी २०२२ पासून गुणांऐवजी केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो. चार-पाच वर्षांनी रुग्णालयात परतणाऱ्या विद्यार्थ्याला रुग्णतपासणीची सवय नव्याने करावी लागते. तोवर त्याच्याबरोबर प्रवेश घेतलेले वर्गमित्र त्याचे वरिष्ठ निवासी डॉक्टर झालेले असतात.

खर्च आणि विद्यावेतन

अनुदानित अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क पूर्ण माफ असते, आरोग्य विमा मिळतो आणि वार्षिक विद्यावेतनही दिले जाते. विद्यावेतनाची रक्कम शहरानुसार बदलते. अलीकडे ती बहुतेक ठिकाणी ३५ ते ५० हजार डॉलरच्या दरम्यान असते. केवळ एम.डी. करणाऱ्या आणि त्यासाठी कर्ज काढणाऱ्या विद्यार्थ्यांवर पदवीच्या वेळी असलेल्या कर्जाची मध्यमान रक्कम सुमारे दोन लाख डॉलर आहे. त्यामुळे हा अभ्यासक्रम म्हणजे फुकटात डॉक्टर होण्याचा मार्ग, असा समज विद्यार्थ्यांत आणि पालकांत आढळतो.

हा समज हिशेबाला टिकत नाही. पीएच.डी.च्या चार वर्षांनी डॉक्टर म्हणून पूर्ण पगार सुरू होणे तितकेच लांबणीवर पडते आणि अमेरिकेतील विशेषज्ञाचे चार वर्षांचे वेतन वाचलेल्या शुल्कापेक्षा बहुधा जास्त भरते. शिवाय संशोधन करणाऱ्या डॉक्टरचे उत्पन्न खासगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरच्या उत्पन्नापेक्षा सामान्यतः कमी असते. पीएच.डी. अर्धवट सोडून एम.डी.कडे वळल्यास पुढील शुल्क स्वतः भरावे लागते. काही संस्था आधी दिलेल्या रकमेची परतफेडही मागतात.

पात्रता आणि नागरिकत्वाची अट

अर्जदाराकडे चार वर्षांची पदवी असावी लागते, किंवा ती प्रवेशापूर्वी पूर्ण होणार असावी लागते. जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी लेखन हे विषय बहुतेक महाविद्यालये मागतात. एमकॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण आवश्यक असतात. २०१५ पासूनच्या तिच्या स्वरूपात चार विभाग असून प्रत्येकाचे गुण ११८ ते १३२ आणि एकूण गुण ४७२ ते ५२८ या पट्टीवर दिले जातात. प्रवेश मिळालेल्या एम.डी.-पीएच.डी. विद्यार्थ्यांचे सरासरी गुण अलीकडच्या वर्षांत सुमारे ५१६ आणि पदवीची सरासरी श्रेणी चारपैकी सुमारे ३.८ राहिली आहे. पीएच.डी.च्या इतर प्रवेशांसाठी पूर्वी सर्रास मागितली जाणारी जीआरई ही परीक्षा बहुतेक ठिकाणी द्यावी लागत नाही.

एन.आय.एच.चे प्रशिक्षण अनुदान केवळ अमेरिकेचे नागरिक आणि तेथील कायम रहिवासी यांच्यासाठीच वापरता येते. इतर देशांच्या नागरिकांना प्रवेश द्यायचा असल्यास संस्थेला स्वतःच्या निधीतून खर्च करावा लागतो. त्यामुळे परदेशी अर्जदारांचा विचार करणारे अभ्यासक्रम मोजकेच आहेत आणि त्यांतील अशा जागाही थोड्या असतात. त्यातच बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांची अपेक्षा अशी असते, की निदान काही वर्षांचे पदवीशिक्षण अमेरिकेत किंवा कॅनडात झालेले असावे. भारतातून एम.बी.बी.एस. झालेल्या व्यक्तीकडे वैद्यकीय पदवी आधीच असल्याने हा मार्ग तिच्यासाठी नसतो. ती परवाना परीक्षा देऊन रेसिडेन्सीला जाते, किंवा स्वतंत्रपणे पीएच.डी.साठी अर्ज करते.

या अटीचा फटका अमेरिकेत वाढलेल्या अनेक भारतीय, आणि अर्थातच मराठी, कुटुंबांतील मुलांना बसतो. एच-१बी व्हिसावर आलेल्या पालकांबरोबर लहानपणीच तेथे गेलेले मूल शाळा आणि महाविद्यालय तेथेच पूर्ण करते. मात्र भारतात जन्मलेल्यांसाठी कायम निवासाच्या परवान्याची रांग इतकी लांब आहे, की वयाच्या २१ व्या वर्षी पालकांवर अवलंबून असलेला व्हिसा संपतो, तेव्हाही तो परवाना हाती आलेला नसतो. असा विद्यार्थी गुणवत्तेने कितीही पुढे असला, तरी अनुदानाच्या नियमांत तो परदेशीच ठरतो. अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक अभ्यासक्रमाचे याबाबतचे धोरण तपासून घेणे अशा अर्जदारांना अपरिहार्य असते, कारण शुल्क भरून झाल्यावर केवळ या कारणासाठी अर्ज बाजूला पडू शकतो.

अर्जाचे टप्पे

बहुतेक महाविद्यालये असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस या संघटनेच्या ॲमकॅस नावाच्या सामायिक अर्जसेवेतून अर्ज घेतात. टेक्सासमधील सार्वजनिक वैद्यकीय महाविद्यालयांची अर्जसेवा वेगळी आहे. एम.डी.-पीएच.डी.साठी निराळा अर्ज नसतो. त्याच अर्जात हा पर्याय निवडला, की दोन जादा निबंध उघडतात.

सेवेचे संकेतस्थळ मे महिन्याच्या सुरुवातीस खुले होते आणि मेअखेरीपासून अर्ज दाखल करता येतात. गुणपत्रकांची पडताळणी होऊन जूनच्या शेवटी पहिले अर्ज महाविद्यालयांकडे जातात. पडताळणीस उन्हाळ्यात कित्येक आठवडे लागत असल्याने जूनमध्येच अर्ज करणारे फायद्यात राहतात. यानंतर महाविद्यालये आपापला दुय्यम अर्ज पाठवतात. त्यात आणखी छोटे निबंध आणि स्वतंत्र शुल्क असते. ॲमकॅसचे शुल्क अलीकडे पहिल्या महाविद्यालयासाठी १७५ डॉलर आणि पुढील प्रत्येकासाठी सुमारे ४५ डॉलर राहिले आहे. अर्जदार सहसा पंधरा-वीस ठिकाणी अर्ज करतात. त्यामुळे एकूण खर्च काही हजार डॉलरपर्यंत जातो. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील अर्जदारांसाठी शुल्कसवलतीची योजना आहे, पण ती अर्ज दाखल करण्यापूर्वीच मंजूर करून घ्यावी लागते. आधी भरलेले शुल्क परत मिळत नाही.

मुलाखती साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात होतात. एकाहून अधिक महाविद्यालयांत निवड झालेल्यांनी ३० एप्रिलपर्यंत एकच जागा ठेवून बाकीच्या सोडाव्यात, असा संकेत आहे. दरवर्षी देशभरातून सुमारे दोन हजारांच्या आसपास अर्जदार असतात आणि सुमारे सातशे जणांना प्रवेश मिळतो. केवळ एम.डी.साठी अर्ज करणाऱ्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात असते. त्या तुलनेत हा समूह फारच लहान आहे. मात्र त्यात पुरेशी तयारी नसलेले अर्जदार कमी असतात, हे यशाचे प्रमाण पाहताना ध्यानात घ्यावे लागते.

तीन निबंध

या अर्जाचा गाभा त्यातील तीन निबंध हा आहे. पहिला सर्वच अर्जदारांना लिहावा लागतो. वैद्यकाकडे का वळावेसे वाटते, हे त्यात ५३०० अक्षरचिन्हांत सांगायचे असते. दुसरा ३००० अक्षरचिन्हांचा असून त्याचा विषय एम.डी. आणि पीएच.डी. या दोन्ही पदव्या एकत्र का हव्यात, हा असतो. तिसरा १०,००० अक्षरचिन्हांचा असतो आणि त्यात आजवरच्या संशोधनाचे वर्णन अपेक्षित असते. शब्दमर्यादा नसून अक्षरमर्यादा असल्याने मोकळ्या जागाही मोजल्या जातात.

यांपैकी सर्वांत लहान निबंध सर्वांत अवघड समजला जातो. संशोधनाची आवड आहे आणि रुग्णांची सेवाही करायची आहे, ही दोन विधाने शेजारी ठेवल्याने दोन पदव्यांची गरज सिद्ध होत नाही. संशोधन केवळ एम.डी. असलेले डॉक्टरही करतात. सेमेन्झा यांच्यासह २०१९ चे नोबेल मिळालेले विल्यम केलिन हे त्याचे ठळक उदाहरण आहे. रोगांवर मूलभूत काम करणाऱ्या बहुसंख्य शास्त्रज्ञांकडे वैद्यकीय पदवी नसते. म्हणून समितीला हवे असते ते या दोन पदव्यांमधील दुव्याचे स्पष्टीकरण. उदाहरणार्थ, सिकलसेल या रक्तविकारावर काम करू इच्छिणाऱ्या अर्जदाराने रुग्णालयात असे पाहिले असेल, की एकच जनुकीय दोष असलेल्या दोन भावंडांपैकी एकाला वारंवार वेदनेचे झटके येतात आणि दुसऱ्याला क्वचितच. हा फरक का पडतो, हा प्रश्न रुग्णांच्या सहवासातून सुचतो आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेत शोधावे लागते. असा एखादा ठोस प्रश्न मांडणारा निबंध समितीला अधिक पटतो. अर्थात हाच प्रश्न आयुष्यभर धरून ठेवण्याची अपेक्षा नसते. प्रवेशानंतर बहुतेक विद्यार्थी विषय बदलतात आणि समित्यांनाही ते ठाऊक असते.

संशोधनाच्या निबंधात प्रत्येक प्रयोगशाळेचे व मार्गदर्शकाचे नाव, कामाचा कालावधी, समस्येचे स्वरूप आणि अर्जदाराचा स्वतःचा वाटा नमूद करावा लागतो. शेवटच्या मुद्द्यावर अनेक अर्ज कमी पडतात. प्रयोगशाळेच्या मोठ्या प्रकल्पाचे वर्णन चांगले उतरते, पण त्यात विद्यार्थ्याने नेमके काय केले, हे वाचणाऱ्याला समजत नाही. आपण कोणते गृहीतक तपासले, प्रयोग फसला तेव्हा काय बदलले आणि त्यातून पुढचा प्रश्न कसा निघाला, हे सांगता येणे येथे महत्त्वाचे ठरते. फसलेले प्रयोग लपवण्याचे कारण नसते. चार-पाच वर्षांच्या पीएच.डी.त अपयश हाच रोजचा अनुभव असतो आणि त्याला विद्यार्थी कसा सामोरा जाईल, याचा अंदाज समिती याच परिच्छेदांवरून बांधते.

संशोधनाचा अनुभव आणि शिफारसपत्रे

अर्जदारांना सर्वाधिक सतावणारा प्रश्न म्हणजे शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असणे आवश्यक आहे का. तशी अट नाही आणि प्रवेश मिळालेल्यांपैकी अनेकांच्या नावावर प्रथम लेखक म्हणून एकही निबंध नसतो. शोधनिबंध कधी छापून येईल, हे विद्यार्थ्याच्या हाती नसते. एकाच प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षे सातत्याने केलेले काम, पाच ठिकाणी घालवलेल्या पाच उन्हाळ्यांपेक्षा बहुधा अधिक वजनदार मानले जाते. संशोधनाचा अनुभव अपुरा वाटल्यास पदवीनंतर एक-दोन वर्षे पूर्ण वेळ प्रयोगशाळेत काम करून मग अर्ज करण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. एन.आय.एच.च्या स्वतःच्या प्रयोगशाळांतही नवपदवीधरांसाठी अशा सवेतन जागा असतात.

रुग्णालयाचा अनुभव दुय्यम मानण्याची चूकही होते. एम.डी.-पीएच.डी.च्या अर्जावर पीएच.डी.ची समिती आणि वैद्यकीय महाविद्यालयाची प्रवेश समिती अशा दोघांची संमती लागते. संशोधनात उत्कृष्ट, पण रुग्णांशी कधीच संबंध न आलेला अर्जदार दुसऱ्या समितीत अडखळतो. डॉक्टरांच्या कामाचे निरीक्षण, रुग्णालयातील स्वयंसेवा किंवा रुग्णांशी थेट संबंध येणारी नोकरी यांचा उल्लेख म्हणूनच अपेक्षित असतो.

शिफारसपत्रांपैकी प्रत्येक महत्त्वाच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे पत्र जवळपास अनिवार्य आहे. अर्जात एखाद्या प्रयोगशाळेतील दोन वर्षांचे वर्णन असून तेथील प्रमुखाचे पत्र नसेल, तर त्याबद्दल शंका घेतली जाते. मोठ्या प्रयोगशाळांत पदवीच्या विद्यार्थ्याबरोबर रोज काम करणारी व्यक्ती सहसा पोस्टडॉक असते. अशा वेळी पत्राचा मजकूर दोघांनी मिळून तयार करण्याची पद्धत आहे, कारण विद्यार्थ्याला जेमतेम ओळखणाऱ्या नामवंत प्राध्यापकाचे चार ओळींचे पत्र फारसे उपयोगी पडत नाही.

मुलाखत

मुलाखती बहुधा एक ते दोन दिवस चालतात आणि त्यांत पाच-सहा स्वतंत्र बैठका असू शकतात. कोविड-१९ च्या साथीनंतर अनेक महाविद्यालयांनी त्या दूरदृश्य माध्यमातून घेणे सुरू ठेवले आहे. संशोधनाच्या बैठकीत अर्जदाराला त्याचे काम प्रथम त्या विषयाबाहेरील प्राध्यापकाला समजेल अशा रीतीने सांगावे लागते. मग प्रश्न खोलात जातात. नियंत्रण गट कोणता होता, निष्कर्षाचा दुसरा अर्थ लागू शकतो का, आणखी एक वर्ष मिळाले असते तर कोणता प्रयोग केला असता, अशा स्वरूपाचे ते असतात. एम.डी.-पीएच.डी.त निवड न झाल्यास अर्ज केवळ एम.डी.साठी विचारात घ्यावा का, हेही बहुतेक महाविद्यालये आधीच विचारून ठेवतात. काही ठिकाणी मात्र हा पर्याय नसतो.

टीका आणि वाद

अभ्यासक्रमाची लांबी हा टीकेचा मुख्य मुद्दा आहे. बावीस-तेविसाव्या वर्षी प्रवेश घेणारा विद्यार्थी तिशीच्या सुरुवातीस पदव्या घेऊन बाहेर पडतो. रेसिडेन्सी आणि पुढील प्रशिक्षण यांची आणखी पाच ते सात वर्षे धरली, तर स्वतःची प्रयोगशाळा सुरू होईपर्यंत चाळिशी उजाडते. एन.आय.एच.चे पहिले मोठे स्वतंत्र संशोधन अनुदान मिळण्याचे या पदवीधरांचे सरासरी वय सुमारे ४४ वर्षे असल्याचे २०१४ च्या अहवालात दिसते. विवाह आणि अपत्ये यांचे वय याच काळात येते. त्याचा भार स्त्रियांवर अधिक पडतो, असे मत वारंवार मांडले गेले आहे.

सुमारे दहा टक्के विद्यार्थी दोन्ही पदव्या पूर्ण करत नाहीत. पूर्ण करणाऱ्यांपैकी बहुसंख्य विद्यापीठे, शासकीय संशोधन संस्था किंवा औषधउद्योग यांत काम करतात, असे पदवीधरांच्या पाहण्यांतून दिसते. आठवड्याचे चार दिवस संशोधन आणि एक दिवस रुग्णसेवा, असे जे आदर्श प्रमाण प्रवेशाच्या वेळी सांगितले जाते, ते मात्र त्यांपैकी अनेकांच्या वाट्याला येत नाही. रुग्णसेवेतून रुग्णालयाला उत्पन्न मिळते, तर संशोधनासाठी अनुदान मिळवावे लागते. अनुदान थांबले, की त्या चार दिवसांतील वेळ हळूहळू रुग्णसेवेकडे सरकतो.

भारतातील स्थिती

भारतात वैद्यक आणि पीएच.डी. हे मार्ग प्रामुख्याने स्वतंत्र राहिले आहेत. महाराष्ट्रात एम.बी.बी.एस. आणि त्यानंतरचे एम.डी. पूर्ण केलेले डॉक्टर नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठातून किंवा अन्य संस्थांतून पीएच.डी. करतात, पण ती बहुधा नोकरी सांभाळून केली जाते. बंगळूरू येथील भारतीय विज्ञान संस्थेने २०२२ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालयाची घोषणा करताना एकात्मिक एम.डी.-पीएच.डी. अभ्यासक्रम हा त्याचा केंद्रबिंदू असेल, असे जाहीर केले. अमेरिकेतील रचनेपेक्षा तो एका मूलभूत बाबतीत वेगळा आहे. त्याच्या आराखड्यातील अर्जदार एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर आहे आणि पीएच.डी.ची जोड विशेषज्ञतेच्या प्रशिक्षणाशी घातलेली आहे.